स्वस्त खेळाची पारख

स्वतंत्र व्हिडिओ गेम, ज्याला खेळाडूंच्या बोलण्यात ‘इंडी गेम’ म्हणतात, म्हणजे मोठ्या प्रकाशन-कंपनीच्या पैशावर आणि हुकमावर न चालता एका व्यक्तीने किंवा मूठभर लोकांच्या गटाने स्वतःच्या जबाबदारीवर तयार केलेला खेळ. व्यावसायिक रंगभूमी आणि १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बहरलेली प्रायोगिक रंगभूमी यांतला भेद ज्या वाचकांना ठाऊक आहे त्यांना ही व्याख्या लगेच उमगेल, कारण पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि प्रयोग फसल्यास तोटा कोणाच्या अंगावर, हेच प्रश्न तेथेही भेद ठरवीत होते. आज ही सीमारेषा काहीशी पुसट झाली आहे, कारण स्वतंत्र खेळांनाच पैसा पुरवणारे आणि ते बाजारात आणणारे प्रकाशकही उभे राहिले आहेत. तरी विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने किमतीची खूण टिकून आहे. मोठ्या कंपनीचा नवा खेळ संगणकासाठी घ्यायचा तर भारतात तीन ते पाच हजार रुपये मोजावे लागतात, आणि स्वतंत्र खेळ बहुधा दोनशे ते हजार रुपयांच्या दरम्यान, सवलतीच्या दिवसांत त्याहूनही कमी किमतीला, मिळतो. या फरकामुळे नव्या खेळाडूच्या मनात एक शंका उभी राहते, ती म्हणजे स्वस्त खेळ हा कमअस्सल खेळ असतो की काय. प्रस्तुत लेखाचा उद्देश त्या शंकेचे उत्तर देणे आणि असे खेळ पारखून कसे घ्यावेत हे सांगणे हा आहे.

किंमत कमी का असते हे आधी समजून घ्यावे लागते. एकेकाळी व्हिडिओ गेम खोक्यात बंद तबकडीच्या रूपाने दुकानात विकला जाई, आणि तबकड्या छापणे, खोकी तयार करणे, ती देशोदेशी पाठवणे व दुकानदाराचे कमिशन देणे हे सारे भांडवलदार प्रकाशकावाचून जमत नसे. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात २००५ पासून इतरांचे खेळही विकले जाऊ लागले, आणि खेळ इंटरनेटवरून थेट संगणकावर उतरवून घेण्याच्या या पद्धतीत खोके, गोदाम आणि दुकान तिन्हींची गरज उरली नाही. दुसरा बदल अवजारांचा झाला. खेळातील हालचाल, टक्कर, प्रकाश आणि आवाज यांचे गणित आधीच लिहून ठेवलेली जी संगणकीय चौकट असते तिला ‘गेम इंजिन’ म्हणतात. गेममेकर, युनिटी आणि पूर्णपणे मोफत असलेले गोडो अशी इंजिने हाती आल्यावर ज्या कामाला पूर्वी पन्नास माणसे लागत ते तीन-चार माणसांच्या आवाक्यात आले. ‘अंडरटेल’ हा २०१५ मधील गाजलेला खेळ गेममेकरमध्ये, तर ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील टीम चेरी या लहानशा गटाचा ‘हॉलो नाइट’ हा २०१७ मधील खेळ युनिटीमध्ये तयार झाला. सिॲटल येथील एरिक बॅरोन या तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या खेळाची चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रॅमिंग हे सर्व सुमारे साडेचार वर्षे एकट्याने केले, फेब्रुवारी २०१६ मध्ये तो १५ डॉलरना विकायला ठेवला, आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. या खेळात त्यानंतर जी मोठी भर पडत गेली ती जुन्या ग्राहकांना एक पैसाही न आकारता मिळाली, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

किंमत कमी असते ती खर्च कमी असतो म्हणून, हे यावरून स्पष्ट व्हावे. परंतु याचा अर्थ प्रत्येक स्वस्त खेळ चांगला असतो असा मुळीच नाही. स्टीमवर खेळ विकायला ठेवण्यासाठी २०१७ पासून प्रत्येक खेळामागे केवळ १०० डॉलर शुल्क भरावे लागते, आणि २०२४ या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक खेळ दाखल झाले. त्यांतले बहुसंख्य अर्धेकच्चे किंवा दुसऱ्याची नक्कल करणारे असतात. दार सर्वांसाठी उघडे झाले तेव्हा निवडीचे काम प्रकाशकाकडून ग्राहकाकडे आले.

निवड करताना खेळाडूंमध्ये एक हिशेब फार रूढ आहे, तो म्हणजे किंमत भागिले तास. पाचशे रुपयांत पन्नास तास करमणूक झाली तर तासाला दहा रुपये पडले, आणि दोन तासांत खेळ संपला तर अडीचशे पडले, म्हणून पहिला सौदा चांगला आणि दुसरा वाईट, असे या हिशेबाचे म्हणणे असते. पैसे जपून खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याला तो साहजिक वाटतो, परंतु त्याने फसगत होण्याचीच शक्यता अधिक आहे. टोरांटो येथील एका लहान गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वेण्बा’ या खेळात १९८०च्या दशकात कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची कथा आहे. आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीतले पुसलेले शब्द ताडून इडली, बिर्याणी असे पदार्थ करायचे, आणि त्या स्वयंपाकाच्या आडून मुलगा घरच्या भाषेपासून कसा दुरावत जातो हे पाहायचे, एवढाच त्याचा आवाका असून तो साधारण दीड तासात संपतो. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यातले जवळजवळ प्रत्येक दृश्य ओळखीचे वाटेल. २०२४ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेचा पदार्पणातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो आणखी दहा तास लांबवला असता तर बिघडलाच असता. याउलट ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ हा डिसेंबर २०२१ मध्ये अवघ्या तीन डॉलरना विकायला आलेला खेळ तासांच्या हिशेबात अजिंक्य ठरतो. त्यात पात्र आपोआप वार करते, खेळाडूने फक्त त्याला हलवायचे, आणि अर्ध्या तासाच्या एका फेरीत शेकडो राक्षसांच्या झुंडी कोसळताना पाहायच्या. त्याचा निर्माता लुका गलांते पूर्वी जुगाराच्या खेळांच्या उद्योगात काम करत होता, आणि पेटी उघडताना होणारा लखलखाट व नाणी यांत त्या उद्योगाची कारागिरी स्पष्ट दिसते, मात्र येथे खेळाडूकडून आणखी पैसे काढण्यासाठी ती वापरलेली नाही. हा खेळ उत्तम बांधलेला आहे आणि २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याने रास्तपणे मिळवला. पण विसाव्या तासानंतर त्यात हात चालत राहतो आणि मनाला नवे फारसे काही मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. तास हे वेळ किती गेला याचे माप आहे.

त्याऐवजी एक वेगळा निकष वापरावा, असे सुचवावेसे वाटते. लहान गटाकडे पैसा, माणसे आणि काळ तिन्ही अपुरे असतात, म्हणून त्याला एखादीच कल्पना निवडावी लागते. त्या कल्पनेचा पाठपुरावा शेवटपर्यंत झाला आहे का, की सुरुवातीच्या तासाभरातच ती संपून पुढे केवळ भरणा केला आहे, हे पाहावे. जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ (२००८) या खेळात काळ उलटा फिरवता येतो, आणि प्रत्येक विभागात त्या उलटण्याचा एक नवा नियम समोर येतो. कोडे केवळ संख्या वाढवण्यासाठी घातलेले नाही. ‘बलाट्रो’ या फेब्रुवारी २०२४ मधील खेळात पत्त्यांच्या पोकरमधील जोड्या आणि क्रम घेऊन गुण जमवायचे असतात, आणि दीडशे वेगवेगळे जोकर त्या गुणांचे नियमच बदलत जातात. पत्त्याचा एक डाव इतका फुलवता येतो हे तो खेळल्याशिवाय खरे वाटत नाही.

या निकषाचा सर्वांत चांगला दाखला म्हणून लुकास पोप यांनी एकट्याने तयार केलेल्या आणि ऑगस्ट २०१३ मध्ये दहा डॉलरना प्रसिद्ध झालेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या खेळाकडे थोडे तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. साल १९८२, आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक हुकूमशाही देश, शेजाऱ्याशी सहा वर्षे चाललेले युद्ध नुकतेच संपलेले, आणि सरकारी सोडतीत नाव निघाल्यामुळे सीमेवरच्या नाक्यावर तपासनीस म्हणून नेमणूक झालेला एक सामान्य माणूस, ही त्याची पार्श्वभूमी. खेळाडूने रांगेतल्या प्रत्येकाचा पासपोर्ट घ्यायचा, फोटो, जन्मतारीख, मुदत, शिक्का आणि गाव तपासायचे, विसंगती शोधायची, आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. दररोज नियमांत भर पडते, आज प्रवेशपत्र हवे, उद्या काम-परवाना हवा, परवा अमुक देशाच्या माणसांची झडती हवी. टेबल मात्र तेवढेच अरुंद राहते, त्यामुळे कागद एकमेकांवर चढतात आणि हवा तो सापडत नाही. एका माणसामागे पाच मोहरा मिळतात, रोजच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, आणि त्यापुढील चुकांना दंड होतो. संध्याकाळी त्या मिळकतीतून घरभाडे, जेवण आणि ऊब यांचा खर्च भागवायचा असतो, आणि तो भागला नाही तर घरातले एकेक माणूस आजारी पडते. अशा वेळी एका माणसाचे कागद बरोबर निघतात, तो जाताना सांगतो की मागे आपली पत्नी आहे, तिच्याशी दयेने वागा, आणि तिच्याजवळ प्रवेशपत्र नसते. तिला आत सोडले तर चूक खात्यावर चढते; अडवले तर नवरा अलीकडे आणि बायको पलीकडे राहते. कोणतेही भाषण नाही, दुःखाचे संगीत नाही. निर्णय केवळ एका शिक्क्यात मावतो. या खेळाची चित्रे मातकट, ओबडधोबड आणि मोजक्या रंगांची आहेत, आणि त्यांना ती मर्यादा शोभते, कारण विषयच कळकट कचेरीचा आहे. वीस निरनिराळे शेवट असले तरी हा खेळ सात-आठ तासांत उमजतो. व्हिसाच्या रांगेत हातातली फाइल पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाला खिडकीच्या पलीकडच्या खुर्चीत बसवणारी याहून नेमकी कलाकृती, खेळ असो वा अन्य काही, सहजासहजी सापडणार नाही. तो अगदी जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि २०२२ पासून मोबाइलवरही उपलब्ध आहे.

आता काठिण्याविषयी. स्वतंत्र खेळांची वर्णने वाचताना दोन शब्द वारंवार भेटतात आणि दोन्हींचा अर्थ माहीत नसल्यास पैसे वाया जाण्याचा संभव असतो. १९८० मधील ‘रोग’ या खेळावरून ‘रोगलाइक’ हे नाव पडलेल्या प्रकारात प्रत्येक डावाला जग नव्याने रचले जाते आणि हरल्यावर बहुधा सारे गमावून पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. ‘स्पेलंकी’ आणि ‘स्ले द स्पायर’ ही त्याची नामवंत उदाहरणे आहेत. ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हा शब्द ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ या दोन जपानी खेळमालिकांच्या नावांतून जुळवलेला असून त्यात एकच विस्तीर्ण जग असते, सुरुवातीला त्यातल्या पुष्कळ वाटा बंद असतात, आणि नवी शक्ती मिळाल्यावर मागे येऊन त्या उघडाव्या लागतात. पहिल्या प्रकारात हरण्याची आणि दुसऱ्यात वाट चुकण्याची तयारी हवी. ‘हॉलो नाइट’ हा दुसऱ्या प्रकारातला खेळ आहे आणि १५ डॉलरच्या किमतीत त्याने दिलेले जग थक्क करणारे आहे, पण त्यात प्रत्येक प्रदेशाचा नकाशादेखील एका भटक्या नकाशाकाराला शोधून विकत घ्यावा लागतो. म्हणून पहिलाच खेळ म्हणून तो घेऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवले पाहिजे. त्याऐवजी ‘सेलेस्ट’ (२०१८) घ्यावा. चार दिवसांत जुळवलेल्या एका छोट्या नमुन्यातून वाढलेला हा खेळ डोंगर चढणाऱ्या आणि स्वतःच्या मनातील भीतीशी झुंजणाऱ्या मुलीचा आहे; तो कठीण आहे, पण त्यातील साहाय्य-सोयीने खेळाचा वेग कमी करता येतो, दम संपू न देण्याची किंवा इजाच न होण्याची सवलत घेता येते, आणि ती घेतल्याबद्दल खेळ खेळाडूला कमी लेखत नाही. वयस्क, नवशिके किंवा हातांच्या हालचालीत अडचण असलेले खेळाडू यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. खरेदीपूर्वी अशी सोय आहे का, हे खेळाच्या पानावर पाहून घेण्याची सवय लावावी.

खरेदीपूर्वीच्या इतर तपासण्यांत सर्वांत महत्त्वाची म्हणजे नमुना खेळून पाहणे. या नमुन्याला ‘डेमो’ म्हणतात, आणि स्टीमवर वर्षातून तीनदा भरणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’ या उत्सवात शेकडो आगामी खेळांचे डेमो आठवडाभर मोफत खेळता येतात. डेमो नसेल तर परतीची सोय असते: स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. पहिल्या अर्ध्या तासात अक्षरे वाचता येण्याइतकी मोठी आहेत का, यंत्र तापून अडखळते का, कीबोर्डवर हात बसतो का की कंट्रोलर लागणारच, एवढे पाहून घेतले तर निर्णयाला पुरेसा अवधी उरतो. मात्र ‘वेण्बा’सारखा दीड तासाचा खेळ पुरता खेळून, आवडूनही, नियमाच्या फटीतून पैसे परत घेणे हे खानावळीत पोटभर जेवून बिल नाकारण्यासारखे आहे, दोन-चार माणसांच्या गटाचे त्यात खरोखर नुकसान होते, आणि वाचकांनी ते करू नये.

इतर खेळाडूंचे अभिप्राय वाचताना एकूण टक्केवारीवर थांबू नये. प्रत्येक अभिप्रायाशेजारी तो लिहिणारा किती तास खेळला हे दिलेले असते. वीस मिनिटांत दिलेली शिवी आणि वीस मिनिटांत केलेली स्तुती दोन्ही बाजूला ठेवाव्यात, आणि पाच ते तीस तास खेळून नापसंती नोंदवणाऱ्यांचे म्हणणे आवर्जून वाचावे, कारण आपल्याला काय खटकेल ते तेथेच कळते. एखाद्याने ‘फार संथ आहे’ म्हणून नाकारलेला खेळ संथपणा आवडणाऱ्यासाठी नेमका असू शकतो. अलीकडच्या महिन्यातील मते जुन्या मतांपेक्षा एकदम वाईट झाली असतील तर कारण शोधावे, कारण अनेकदा एखाद्या नव्या बदलाने खेळ बिघडलेला असतो. ‘अर्ली ॲक्सेस’ असा शेरा असेल तर खेळ अजून अपुरा आहे आणि निर्माते तो विकत-विकत पूर्ण करीत आहेत असे समजावे. ‘स्ले द स्पायर’ आणि ‘हेडीस’ हे दोन्ही खेळ या मार्गाने, खेळाडूंच्या सूचना ऐकत, उत्तम झाले. पण मध्येच सोडून दिलेले खेळही पुष्कळ आहेत. आज हाती आहे तेवढ्यासाठीच किंमत द्यावीशी वाटते का, असे स्वतःला विचारावे, आणि शेवटची सुधारणा कधी आली ते पाहून मगच खरेदी करावी.

दुकानांविषयी थोडक्यात सांगता येते. स्टीमवर किमती रुपयांत असतात व यूपीआयने पैसे भरता येतात; जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस मोठ्या सवलती लागतात, आणि हवा असलेला खेळ ‘विशलिस्ट’मध्ये टाकून ठेवला तर सवलत लागल्याची सूचना येते. एपिक गेम्सच्या दुकानात २०१८ अखेरच्या आरंभापासून ठरावीक काळाने मोफत खेळ दिले जातात व त्यांत स्वतंत्र खेळ पुष्कळ असतात. गॉग या पोलंडमधील दुकानाचे वैशिष्ट्य असे की तेथील खेळांवर ‘डीआरएम’ नसते. डीआरएम म्हणजे खेळ अधिकृत खात्याशी जखडून ठेवणारे कुलूप, आणि ते नसल्यास खेळाची फाइल स्वतःच्या डिस्कवर कायमची जपून ठेवता येते. इच डॉट आयओ हे २०१३ मधील दुकान सर्वांत मोकळे आहे: तेथे पुष्कळ खेळ मोफत किंवा ‘हवे ते द्या’ या तत्त्वावर मिळतात, आणि विक्रीतला किती हिस्सा दुकानाला द्यायचा हे निर्माताच ठरवतो, तर स्टीमवर साधारण ३० टक्के कापले जातात. जून २०२० मध्ये वर्णद्वेषविरोधी कार्यासाठी इचवर किमान पाच डॉलरना हजाराहून अधिक खेळांचा जो गठ्ठा विकला गेला, त्यातून ८० लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. खेळाच्या ‘की’ म्हणजे सक्रिय करण्याचे सांकेतिक क्रमांक फारच स्वस्तात विकणाऱ्या तिऱ्हाईत संकेतस्थळांपासून मात्र दूर राहावे. तेथील काही क्रमांक चोरीच्या कार्डांवर घेतलेले असतात, आणि निर्मात्याच्या हाती त्यातून काहीच पडत नाही. सवलतीचा मोहही आवरावा. ८० टक्के सूट असली तरी या महिन्यात खेळला जाणार नाही असा खेळ घेऊ नये.

महाराष्ट्रातील वाचकांनी पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या गटाचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ अवश्य पाहावा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून त्याच्यासाठी निधी उभारण्याचा प्रयत्न फसला, पुढे एपिक गेम्सच्या अनुदानाचा आधार मिळाला, आणि २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर व नंतर इतर यंत्रांवर आला. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू तिच्या प्रवासावर बोलत राहतात, आणि मजकूर पहाडी लघुचित्रांच्या वळणाच्या भित्तिचित्रांतून उलगडतो. देखावे, वास्तू आणि प्रकाश यांत हा खेळ कित्येक पटींनी महागड्या खेळांच्या तोडीला येतो. लढाईचे प्रसंग मात्र पुढे पुढे एकसुरी होतात आणि शेवट एकाएकी, गोष्ट रंगात आली असता, येतो. हे दोष मान्य करूनही आपल्या मातीतल्या कथांना जागतिक दर्जाचे दृश्यरूप देता येते हे त्याने दाखवले, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादही आले, म्हणून तो पूर्ण किमतीला घेण्याजोगा आहे. गुजरातमधील ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’चे खेळ याहून फार वेगळे आहेत. ‘अ म्युझियम ऑफ ड्यूबियस स्प्लेंडर्स’सारख्या त्यांच्या लहान कृती मोफत मिळतात, त्यांत जिंकणे-हरणे नसते, मीर उमर हसन या कल्पित लेखकाच्या गोष्टींच्या दालनांतून केवळ हिंडायचे असते, आणि वसाहतकाळाचा इतिहास कोणी लिहिला, कोणाचा गाळला, असे प्रश्न मनात घेऊन बाहेर पडायचे असते. साहित्याची आवड असलेल्या पण व्हिडिओ गेमविषयी अढी बाळगणाऱ्या वाचकांनी आरंभ येथूनच करावा.

घरातील मुलांसाठी खेळ निवडताना चित्रांच्या गोडव्यावर विसंबू नये, कारण ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ (२०११) हा व्यंगचित्रासारखा दिसणारा खेळ रक्त, विष्ठा आणि धार्मिक छळ यांच्या प्रतिमांनी भरलेला आहे व तो मुलांसाठी नाही. उलट ‘बलाट्रो’ला युरोपात आधी १८ वर्षांवरील शेरा मिळाला होता आणि अपिलानंतर २०२५ मध्ये तो १२ वर्षांवरील असा बदलण्यात आला, कारण त्यात पोकरचे पत्ते असले तरी पैसे लावण्याचा भाग नाही. म्हणजे वयाचा आकडा एकट्याने पुरत नाही; तो का दिला हे त्याखालच्या ओळीत वाचावे लागते. यंत्राची चिंता फारशी नको. या लेखातील ‘राजी’ वगळता बहुतेक खेळ स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसलेल्या, आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर चालतात, आणि ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘बलाट्रो’ व ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ मोबाइलवरही मिळतात.

ज्यांनी यापूर्वी एकही असा खेळ खेळलेला नाही त्यांनी पहिल्यांदा ‘पेपर्स, प्लीज’, मग ‘सेलेस्ट’, आणि निवांत संध्याकाळींसाठी ‘स्टारड्यू व्हॅली’ असा क्रम ठेवावा. तिन्ही मिळून खर्च एका मोठ्या नव्या खेळाच्या निम्म्याहूनही कमी होतो. खेळ पुरा झाल्यावर, तो आवडलेला असो वा नसो, त्याच्या पानावर काय जमले आणि काय खटकले हे चार ओळींत प्रामाणिकपणे लिहावे. स्टीमवर किमान दहा अभिप्राय जमल्याखेरीज खेळाच्या पानावर एकूण मताचा शेरा उमटत नाही, आणि जाहिरातीला पैसा नसलेल्या निर्मात्यासाठी ते पहिले दहा अभिप्राय मिळवणेच सर्वांत अवघड असते.